थांबणारे घड्याळ आणि साडेसात मिनिटांचा माग

चावी द्यायचे जुने मनगटी घड्याळ हातात आले की पहिली इच्छा मागचे झाकण उघडून आतली चाके पाहण्याची होते. ही इच्छा काही काळ आवरावी, असे माझे आता ठाम मत झाले आहे. अडखळत चालणारे घड्याळ आपल्या बिघाडाबद्दल बरीच माहिती देत असते आणि पहिला स्क्रू निघाला की त्यातली बरीचशी माहिती कायमची नाहीशी होते. भाग सुटे केले, धुतले, पुन्हा बसवले आणि घड्याळ चालू लागले, तरी नेमके काय बिघडले होते हे कळत नाही. आणि ते चालले नाही, तर पुढे कोठे शोधावे हेही कळत नाही. छंद म्हणून हे काम करणाऱ्याकडे मुरलेल्या कारागिराचा हात नसतो आणि त्याच्याइतकी हत्यारेही नसतात. मात्र वेळ भरपूर असतो, आणि त्यातला मोठा भाग घड्याळ उघडण्याआधीच्या निरीक्षणावर खर्च करणे मला सर्वांत फलदायी वाटते.

ज्या घड्याळाबद्दल लिहीत आहे ते १७ ज्युएलचे (म्हणजे घर्षण कमी करणाऱ्या १७ खड्यांचे), हाताने चावी द्यायचे आणि सहाच्या आकड्यावर सेकंदाची छोटी तबकडी असलेले आहे. त्याच्या बॅलन्स चाकाचे (मागे-पुढे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाचे) तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. तक्रार अशी होती की चावी पूर्ण बसते, घड्याळ लगेच चालू होते, पण काही तासांनी थांबते आणि मनगट हलवले की पुन्हा चालू लागते. अशा घड्याळाला बहुतेक जण ‘आतून घाण झाले आहे, धुवायला हवे’ एवढेच निदान करतात. ते पुष्कळदा खरेही असते, परंतु ते अपुरे असते.

झाकण न उघडता विचारता येण्याजोगे प्रश्न पुष्कळ आहेत. चावी कितीही फिरवली तरी ती कोठेच घट्ट होत नसेल, तर मेनस्प्रिंग (घड्याळाला शक्ती देणारी गुंडाळलेली स्प्रिंग) तुटली आहे किंवा तिचे टोक बॅरलच्या (तिच्या डबीच्या) भिंतीतून किंवा मधल्या आसातून निसटले आहे. चावी पूर्ण बसली असूनही घड्याळ निपचित असेल, तर शक्ती आहे, पण ती बॅलन्सपर्यंत पोहोचत नाही. सेकंदाचा काटा व्यवस्थित फिरतो आणि तास-मिनिटांचे काटे मात्र मागे राहतात, असे असेल तर दोष बहुधा कॅनन पिनियनमध्ये असतो. हा पोकळ भाग मधल्या चाकाच्या आसावर केवळ घर्षणाने घट्ट बसलेला असतो आणि तो सैल झाला की यंत्र चालत राहते, काटे नाही. घड्याळ काटे एकमेकांवरून जाण्याच्या सुमारासच थांबत असेल, तर काटे एकमेकांना घासत आहेत का ते बाजूने भिंगातून पाहावे. घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले, तर हेअरस्प्रिंगचे (बॅलन्सला मध्याकडे परत आणणाऱ्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटले आहेत असे समजावे. त्याचे कारण चुंबकत्व असू शकते किंवा वेढ्यांवर पोहोचलेले तेल. चुंबकत्वाची शंका असेल तर घड्याळ साध्या होकायंत्राजवळ नेऊन त्याची सुई हलते का ते पाहणे पुरेसे असते, आणि चुंबकत्व काढण्याचे उपकरण अगदी स्वस्त असल्याने ती पायरी सर्वांत आधी उरकून टाकावी.

या घड्याळाला यांपैकी एकही लक्षण लागू पडत नव्हते. तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर, चावी खाली अशा निरनिराळ्या स्थितींत ठेवून पाहिले, तरी ते कधी ना कधी थांबतच होते. केवळ एकाच स्थितीत थांबले असते, तर बॅलन्सच्या आसाचे एखादे टोक किंवा त्यावरचा टोपीचा खडा संशयित ठरला असता. सगळ्या स्थितींत थांबते याचा अर्थ दोष बॅलन्सच्या अलीकडे, चाकांच्या रांगेत किंवा स्प्रिंगमध्ये असण्याची शक्यता अधिक होती.

यानंतर ते टाइमग्राफरवर ठेवले. या यंत्रात एक संवेदनशील मायक्रोफोन असतो. तो ठोक्यांचे आवाज ऐकतो आणि त्यावरून घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जाते, बॅलन्स मध्यस्थितीपासून एका बाजूला किती अंश झुलतो आणि ‘टिक’ व ‘टॉक’ यांच्यातील अंतर किती असमान आहे, हे तीन आकडे दाखवतो. झोक्याचे अंश मोजण्यासाठी यंत्राला त्या घड्याळाचा लिफ्ट अँगल (प्रत्येक ठोक्यात ढकलणाऱ्या भागाशी स्पर्श असताना बॅलन्स जेवढा फिरतो तो कोन) सांगावा लागतो. बऱ्याच घड्याळांत तो ५२ अंश असतो. पण सर्वांत नाही, आणि चुकीचा कोन दिला तर झोक्याचा आकडाही चुकीचाच मिळतो. म्हणून आधी कॅलिबर (घड्याळाच्या आतल्या यंत्राचा नमुना) ओळखावे. त्याचा क्रमांक पुष्कळदा बॅलन्स चाकाच्या खाली मुख्य प्लेटवर बारीक कोरलेला असतो. मागचे झाकण काढावे लागते ते एवढ्यासाठीच, आणि तेव्हाही कोणत्याही स्क्रूला हात लावायचा नसतो.

पूर्ण चावी दिलेल्या, चांगल्या स्थितीतल्या घड्याळाचा झोका तबकडी वर असताना साधारण २७० ते ३०० अंश असावा. याचा २१० च्या आसपास होता. एवढ्यावरून जुने तेल किंवा थकलेली स्प्रिंग असे म्हणता आले असते. मात्र यंत्र बराच वेळ चालू ठेवल्यावर एक वेगळी गोष्ट दिसली. झोका २१० वर स्थिर राहत नव्हता. तो मधूनच १६० पर्यंत घसरे, थोड्या वेळाने सावरे, आणि ठरावीक काळाने पुन्हा घसरे. चावी उतरत आली की याच घसरणीत घड्याळ थांबत होते. म्हणजे येथे दोन दोष एकमेकांत मिसळलेले होते: एक सतत असणारा आणि दुसरा ठरावीक काळाने येणारा. घसरणींमधले अंतर मी घड्याळ लावून मोजले. ते साडेसात मिनिटे निघाले.

या घड्याळाच्या दुरुस्तीत मला सर्वांत आनंद देणारा भाग हाच होता, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. मधले चाक तासाला एक फेरी करते, कारण मिनिटकाटा त्याच्याच आसावर असतो. या जातीच्या घड्याळांत मधल्या चाकाला ८० दाते असतात आणि ते तिसऱ्या चाकाच्या १० दात्यांच्या पिनियनला (त्याच आसावरच्या छोट्या दातेरी चाकाला) फिरवते. म्हणून तिसरे चाक तासाला आठ फेऱ्या करते. तिसऱ्या चाकाचे ७५ दाते चौथ्या चाकाच्या १० दात्यांच्या पिनियनला फिरवतात, म्हणजे आणखी साडेसात पट. आठ गुणिले साडेसात म्हणजे साठ, म्हणून चौथे चाक मिनिटाला एक फेरी करते आणि छोटा सेकंदकाटा थेट त्याच्यावर बसतो. चौथ्या चाकाचे ८० दाते एस्केप व्हीलच्या (शक्ती एकेका ठोक्याने सोडणाऱ्या शेवटच्या चाकाच्या) ८ दात्यांच्या पिनियनला मिनिटाला दहा वेळा फिरवतात. एस्केप व्हीलला १५ दाते असतात आणि प्रत्येक दात दोन ठोके देतो, म्हणून एका फेरीत ३० ठोके, मिनिटाला ३०० आणि तासाला १८,०००.

हे गणित हाती असले की बिघाडाच्या आवर्तनावरून बिघडलेले चाक ओळखता येते. सायकलच्या चाकात अडकलेली काडी जशी प्रत्येक फेरीत एकदाच वाजते, तसाच दात्यांतला दोष त्या चाकाच्या प्रत्येक फेरीत एकदाच जाणवतो. झोका दर सहा सेकंदांनी घसरत असेल तर एस्केप व्हील, दर मिनिटाला घसरत असेल तर चौथे चाक, तासाला एकदा घसरत असेल तर मधले चाक, बारा तासांनी एकदा अडखळत असेल तर तबकडीखालचे तासाचे चाक. बॅरलच्या एका फेरीला कित्येक तास लागतात, त्यामुळे त्याचा दोष दिवसातून मोजक्या वेळाच दिसतो. साठ मिनिटे भागिले आठ म्हणजे साडेसात मिनिटे, आणि साडेसात मिनिटे म्हणजे तिसरे चाक. दोष एकतर त्या चाकाच्या पितळी दात्यांत असणार किंवा त्याच आसावरच्या पोलादी पिनियनमध्ये. इतर कॅलिबरमध्ये दात्यांची संख्या वेगळी असू शकते. म्हणून चाके बाहेर काढल्यावर ती प्रत्यक्ष मोजून खात्री करून घ्यावी. मी मोजली, आणि ती वर दिल्याप्रमाणेच होती.

आता घड्याळ उघडण्यास हरकत नव्हती. काटे काढताना तबकडीवर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा, हे सर्वांना ठाऊक असते. याशिवाय अंधारात चमकणाऱ्या जुन्या काट्यांबाबत अधिक सावध राहावे. १९६० च्या दशकापर्यंत या लेपात रेडियम वापरले जात असे. त्यातला चमक देणारा झिंक सल्फाइड थकल्याने लेप आता चमकत नसला, तरी रेडियम तसेच टिकून असते, कारण त्याचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. असा लेप कधीही खरवडू नये, त्यावर फुंकर मारू नये, काम चालू असताना खाणे-पिणे टाळावे आणि नंतर हात धुवावेत. या घड्याळाचे काटे साधे होते. तबकडी काळवंडलेली आहे, पण तिला मी हात लावला नाही. जुन्या तबकडीवरची छपाई पुसली गेली तर परत मिळत नाही आणि तिच्या डागांनी यंत्राचे काहीही बिघडत नाही.

पहिला स्क्रू काढण्याआधी मेनस्प्रिंगमधला ताण सोडावा लागतो: चावी दोन बोटांत धरायची, क्लिक (स्प्रिंग उलगडू न देणारा खटका) हलकेच मागे ओढायची आणि चावी बोटांतून सावकाश उलट फिरू द्यायची. ताण तसाच ठेवून पॅलेट फोर्क (एस्केप व्हील आणि बॅलन्स यांच्यामधला तरफेसारखा भाग) काढला, तर सगळी चाके एकदम भिरभिरतात आणि आसांची नाजूक टोके मोडू शकतात. क्राउन व्हीलच्या (चावीचे फिरणे स्प्रिंगकडे नेणाऱ्या चाकाच्या) स्क्रूला बऱ्याच घड्याळांत डावे आटे असतात. तो सहज फिरत नसेल तर जोर लावण्याऐवजी उलट दिशेने फिरवून पाहावे. स्क्रू ड्रायव्हरचे पाते खाचेच्या रुंदीचे आणि जाडीचे हवे, आणि ते वेळोवेळी दगडावर घासून नीट करावे. जुन्या घड्याळांच्या स्क्रूंवर दिसणारे ओरखडे बहुतेक चुकीच्या पात्याचे असतात.

सुटे करतानाही चाचणी चालू ठेवता येते. बॅलन्स काढल्यावर चावीला किंचित ताण देऊन पॅलेट फोर्कला चिमट्याच्या टोकाने हलकेच ढकलले, तर तो पुढच्या बाजूला स्वतःहून झटकन जाऊन बसला पाहिजे. तसे होत असेल तर शक्ती तेथपर्यंत पोहोचते आहे आणि दोष बॅलन्सकडे आहे. तो आळसावून जात असेल तर दोष मागे, चाकांच्या रांगेत आहे. येथे तो आळसावलेलाच होता. यानंतर ताण सोडून फोर्क काढायचा आणि चावीला अगदी थोडा पीळ द्यायचा. निर्दोष घड्याळातली चाके मोकळी फिरतात, आणि थांबताना एस्केप व्हील क्षणभर उलटे फिरते. या घड्याळात ते झाले नाही. चाके एका जागी येऊन मंदावत होती.

तिसरे चाक बाहेर काढून दहापट भिंगाखाली धरले तेव्हा कारण दिसले. पितळी दाते स्वच्छ होते, पण पिनियनच्या एका पात्याच्या, म्हणजे दात्याच्या, मुळाशी तांबूस गंज होता. स्टेमवर (चावीच्या दांडीवर) आणि तिच्याजवळच्या स्प्रिंगवरही तसेच डाग होते, म्हणजे ओलावा चावीच्या वाटेने आत गेला होता. सुदैवाने आसाची दोन्ही टोके चकचकीत होती. टोकांवर गंज असता, तर त्यांना पुन्हा झिलई द्यावी लागली असती. ते काम विशेष हत्यार आणि सराव यांशिवाय करू नये, असे माझे मत आहे. पिनियनचा गंज मात्र तेलात भिजवलेल्या टोकदार लाकडी काडीने चिकाटीने घासून निघाला. रासायनिक गंजनाशक मी वापरत नाही, कारण ते पोलादाच्या निरोगी भागावरही काम करत राहते. पात्याच्या मुळाशी एक खड्डा राहिला आहे, पण दात्याचा स्पर्श जेथे होतो ती बाजू गुळगुळीत आहे, आणि महत्त्व तिचेच आहे.

यानंतरचे धुणे नेहमीचेच, पण एक इशारा आवश्यक आहे. पॅलेट फोर्कचे दोन खडे आणि बॅलन्सखालचा रोलरचा (त्याच्या आसावरच्या छोट्या चकतीचा) खडा अनेक घड्याळांत लाखेने चिकटवलेले असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून हे भाग अल्कोहोलमध्ये भिजत ठेवू नयेत. त्यांच्यासाठी शुद्ध नॅफ्था बरा. खड्यांची भोके लाकडी काडीचे टोक फिरवून साफ करावीत आणि काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत टोक पुन्हा पुन्हा तासत राहावे. १७ खड्यांची वाटणीही येथे लक्षात येते: बॅलन्सला पाच, पॅलेट फोर्कला चार, आणि एस्केप व्हील, चौथे, तिसरे व मधले या चार चाकांना प्रत्येकी दोन. हे खडे कृत्रिम माणकांचे असतात. ऑग्युस्त व्हर्नोय यांनी १९०२ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीमुळे अशी माणके भरपूर प्रमाणात तयार होऊ लागली आणि साध्या घड्याळांतही पूर्ण संख्येने खडे बसवणे परवडू लागले.

सतत राहणाऱ्या कमी झोक्याचे कारण बॅरलमध्ये सापडले. जुनी मेनस्प्रिंग साध्या पोलादाची होती आणि बाहेर काढल्यावर ती नीट उलगडलीच नाही; वर्षानुवर्षे गुंडाळलेल्या अवस्थेत राहून ती तशीच बसली होती. अशी स्प्रिंग साफ करून परत घालण्यात अर्थ नसतो. आज मिळणाऱ्या मिश्रधातूच्या स्प्रिंगा सहसा गंजत नाहीत आणि त्यांचा ताण दीर्घकाळ टिकतो. मात्र माप अचूक हवे. रुंदी, जाडी, लांबी आणि बॅरलचा आतला व्यास या चारही गोष्टी जुळाव्या लागतात, आणि त्यांत जाडीबाबत जरासुद्धा तडजोड चालत नाही, कारण स्प्रिंगचा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.११ मिलिमीटरऐवजी ०.१२ मिलिमीटरची स्प्रिंग घातली, तर फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा दिसतो, पण जोर जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढतो. अशा वेळी बॅलन्स इतका जोरात झुलू शकतो की रोलरचा खडा पूर्ण वळसा घालून फोर्कवर बाहेरून आदळतो आणि घड्याळ वेड्यासारखे पुढे धावते. ‘जोरदार स्प्रिंग घातली की थकलेले घड्याळ चालते’ हा सल्ला म्हणूनच मला अजिबात मान्य नाही; त्याने घर्षणाचे मूळ कारण झाकले जाते आणि सगळी झीज अधिक वेगाने होते.

तेलाबाबतही असाच आग्रह धरावासा वाटतो. थांबलेल्या घड्याळात वरून थेंबभर तेल सोडण्याची सवय फार घातक आहे, कारण नवे तेल जुन्या वाळलेल्या तेलात आणि धुळीत मिसळून खरखरीत लगदा तयार करते. भोकात तेल टिकून राहते ते खड्याच्या वाटीतल्या अगदी छोट्या थेंबाच्या पृष्ठताणामुळे. थेंब मोठा झाला की तो प्लेटवर पसरतो आणि भोक कोरडे पडते. बॅलन्स आणि एस्केप व्हील यांसारख्या वेगवान टोकांना मोबियस ९०१० सारखे पातळ तेल, मधल्या चाकासारख्या सावकाश फिरणाऱ्या आणि जास्त दाब सोसणाऱ्या टोकांना दाट तेल, आणि पॅलेटच्या खड्यांच्या टोकांना मोबियस ९४१५ अशी मी विभागणी करतो. चाकांच्या दात्यांना तेल लावत नाहीत, आणि पॅलेट फोर्कच्या आसालाही नाही.

जोडणी झाल्यावर तीच चाचणी पुन्हा केली. या वेळी थोड्याशा पिळावर चाके मोकळी फिरली आणि थांबताना एस्केप व्हील उलटले. फोर्क झटकन जाऊन बसू लागला. बॅलन्स बसवल्यावर पूर्ण चावीवर तबकडी वर असताना झोका २७५ अंश मिळाला, उभ्या स्थितींत २४० च्या आसपास, आणि टाइमग्राफर दीर्घकाळ चालू ठेवूनही साडेसात मिनिटांची घसरण दिसली नाही. उभ्या स्थितीत झोका कमी होणे स्वाभाविक आहे, कारण तेव्हा आस टोकावर नव्हे, तर बाजूवर टेकलेला असतो.

‘टिक’ आणि ‘टॉक’ यांच्यातील असमानता ०.८ मिलिसेकंद उरली आहे. ती ०.५ च्या खाली असावी असे म्हणतात, परंतु या घड्याळात हेअरस्प्रिंगचा बाहेरचा आधार स्थिर आहे. असमानता काढायची तर बॅलन्स उचलून, हेअरस्प्रिंगचे मधले कडे आसावर किंचित फिरवून पुन्हा बसवावे लागते. घड्याळ स्वतःहून सुरू होत असताना आणि झोका चांगला असताना, एवढ्याशा आकड्यासाठी पन्नास-साठ वर्षांच्या हेअरस्प्रिंगवर हत्यार लावणे मला योग्य वाटले नाही. वेग मात्र रेग्युलेटरने (हेअरस्प्रिंगची कामाची लांबी बदलणाऱ्या छोट्या तरफेने) जुळवला. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात, त्यामुळे दिवसाला दहा सेकंदांचा फरक म्हणजे सुमारे ०.०१२ टक्के, या वयाच्या घड्याळाकडून मी त्याहून अधिक अपेक्षा ठेवत नाही.

एक काम शेवटी राहते आणि ते पुष्कळदा विसरले जाते. ओलावा चावीच्या वाटेने आला होता, म्हणून ती वाट बंद केल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण होत नव्हती. चावीच्या आतले रबरी कडे दगडासारखे कडक झाले होते. त्याच मापाची, नवे कडे असलेली चावी बसवली, स्टेम गंज घासून आणि ग्रीस लावून परत घातली, आणि मागच्या झाकणाची पट्टीही बदलली. तरीही केसच्या नळीची झीज आणि काचेची बैठक जुनीच आहे, म्हणून या घड्याळाला पाणी लागू द्यायचे नाही, आणि दमट दिवसांत ते मनगटाऐवजी कोरड्या डबीत ठेवायचे, असे त्याच्या नोंदवहीत लिहून ठेवले आहे. नोंदीत स्प्रिंगची चारही मापे, तेल घातल्याची तारीख आणि तिसऱ्या चाकाच्या पिनियनवरच्या खड्ड्याची जागाही आहे. पुढे हे घड्याळ जो कोणी उघडेल, त्याने प्रथम तेथे भिंग लावावे.